कांदेलारियापर्यंत अंगठा बरा होईल

सांता रीता,
गुरुवार, ऑक्टोबरची एकोणीस तारीख

तीर्थरूप एदुविहेसताईस धाकट्या तेओदुलोचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; पुढे वाचत गेलीस की खरं काय ते कळेलच. तुझे गुडघे कसे आहेत? उजव्यातली कुरकुर डाव्यात उतरली का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. मोंतेरेयच्या त्या लिफ्टच्या घरात तुला जिना चढावा लागत नाही हे एका परीनं बरं आहे, पण चढायचं बंद झालं की गुडघा आपलं काम विसरतो, आणि विसरलेल्या गुडघ्याला पुन्हा शिकवता येत नाही. नोएमीला आणि तिच्या बाळाला आशीर्वाद. जावयाला काही नको. (जावयालाही आशीर्वाद.)

अक्षर माझं नाही हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. कुणाचं आहे तेही ओळखलं असशील आणि खुर्चीवरून ताडकन उठली असशील. बस खाली. तुझ्या गुडघ्यांना असं एकदम उठणं चांगलं नाही. हे अक्षर माझ्या पत्रात कसं आलं ते क्रमानं सांगतो. मधेमधे कंसात जे दिसेल ते मी सांगितलेलं नाही. लिहिणाऱ्याला स्वतःची मतं आहेत, आणि त्याच्या हातातून पेन काढून घेणं सध्या माझ्या हाताला जमत नाही.

तू विचारलं होतंस की शहात्तराव्या वर्षी मालिशचा काही उपयोग होतो का, की नोएमी म्हणते तसा तो नुसता तेलाचा आणि वेळेचा नाश. आईच्या पोटी जन्मून तू हा प्रश्न विचारावास याचं मला वाईट वाटलं. पण हल्ली मला बहुतेक गोष्टींचं वाईट वाटतं, तेव्हा तू मनावर घेऊ नकोस. चोळण्याचा उपयोग सगळ्या वयांत होतो. तान्ह्याचं पोट धरतं तेव्हा पाठीची कातडी चिमटीत धरून हळूच उचलली की आत काहीतरी सुटतं आणि अख्खं घर झोपतं. बाळंतिणीची कंबर जागेवर येते. पोरांच्या मुरगळलेल्या घोट्यांची सूज उतरते. चाळिशीतल्या माणसाच्या मानेवर सगळं घरदार बसलेलं असतं, ते घटकाभर खाली उतरतं. आणि आपल्या वयात रक्त फिरतं, झोप लागते, पोट साफ होतं, आणि अर्धा तास कुणीतरी आपला पाय हातात धरून आपण काय बोलतोय ते ऐकून घेतं. या शेवटच्या फायद्याबद्दल डॉक्टरांच्या पुस्तकात काही नसतं, पण माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे त्याच्यासाठीच येतात. गावातली तरणी माणसं एकेक करून कामासाठी सीमेपलीकडे उत्तरेला गेली. जी उरली त्यांना हात लावणारं कुणी नाही. मी आहे, आणि चौकापलीकडे आपला मधला, क्रेसेन्सियो आहे. (माझ्याकडे जास्त लोक येतात.)

आईचे दोन नियम तुला आठवत असतील. तू हा धंदा केला नाहीस, पण स्वयंपाकघरातून ऐकत होतीस. पहिला नियम हाताचा: चोळून गरम झालेला हात गार पाण्यात घालायचा नाही, नाहीतर सांधे धरतात. दुसरा नियम तोंडाचा: जे बरं होण्यासारखं नाही त्याला नाही म्हणायचं नाही, सणाची तारीख द्यायची. लकवा मारलेल्याला ईस्टर, पाठीचा कणा वाकलेल्याला नाताळ, आणि ज्याचा सांधा आतून झिजून गेलाय त्याला दोन फेब्रुवारी, कांदेलारियाचा दिवस. तारीख दिली की माणूस येत राहतो. येत राहिला की चोळून घेतो, चोळून घेतलं की त्या दिवसापुरता झोपतो. बरा होत नाही, पण त्याला बरं वाटतं. सण आला की आई म्हणायची, "यंदा थंडी फार पडली ना, म्हणून. पुढच्या सणापर्यंत बघू." मी अठ्ठेचाळीस वर्षं या तारखा देत आलोय, आणि आजवर कुणी मला खोटारडा म्हटलं नाही. काही जण तारखेच्या आत गेले, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. उन्हाळ्यात इथल्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली, इत्सेल नावाची. वय अठ्ठावीस, मोठ्या शहरात शिकलेली, स्वभावानं फार चांगली, म्हणजे तिच्यापासून सुटका नाही अशी. तिच्या लक्षात आलं की लोक तिच्याकडून गोळ्यांची चिठ्ठी घेतात आणि तिथून सरळ आमच्यापैकी कुणाच्या तरी बाकावर येऊन पडतात. दुसरी कुणी असती तर चिडली असती. हिनं आरोग्यदिन भरवायचं ठरवलं. चौकात मांडव, मांडवात टेबल, आणि टेबलावर आम्ही. फलक तिनं स्वतः रंगवला: "सर्व वयांसाठी मालिशचे फायदे. प्रात्यक्षिकासह. बारागान बंधू." बारागान बंधू अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, हे तिला गावातल्या एकाही माणसानं सांगितलं नाही. उलट सगळ्यांनी मदत केली. खांब रोवले, फलक टांगला, घरून खुर्च्या आणल्या, आणि सकाळी आठपासून पुढच्या रांगा धरून बसले.

भांडण कशावरून हे तुला सांगायला नको, तू खोलीत होतीस. पण माझी बाजू तू कधी शेवटपर्यंत ऐकली नाहीस. त्या दुपारी मी अंगणात होतो, आणि तोही होता. तू दारात येऊन म्हणालीस, "आई पाय चोळायला बोलावतेय." कुणाला, ते तू म्हणाली नाहीस. आम्ही दोघं उठलो. दारात खांद्याला खांदा लागला. मी डावा पाय धरला, त्यानं उजवा. मी टाचेकडून बोटांकडे निघालो, आईनं शिकवलं तसा. तो बोटांकडून टाचेकडे निघाला. (आईनं शिकवलं तसा.) मी म्हटलं, तू टोकाकडून सुरू करतोयस, ते चूक आहे. तो म्हणाला, चूक तुझी आहे, तू चाळीस वर्षं उलटं चोळतोयस. मग मी त्याच्या बायकोबद्दल काहीतरी बोललो, ज्याचा पायाशी संबंध नव्हता. आवाज चढले. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी तूच म्हणालीस, "अरे, आता थांबा. ती गेली." एक पाय माझ्या हातात होता, एक त्याच्या. कुठला आधी गार पडला यावरूनही आमचं पुढे झालंच. (उजवा.) त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. तिनं मला बोलावलं होतं आणि तो आगंतुक मधे घुसला, असं मी अकरा वर्षं धरून चाललो. तो उलट धरून चालला. चौकातल्या कारंज्याभोवती मी उजवीकडून जातो आणि तो डावीकडून, आणि गावाला याची इतकी सवय झाली आहे की कुत्रीसुद्धा वाट देतात.

तर अशा दोघांना डॉक्टरीणबाईंनी एका टेबलाच्या दोन टोकांना बसवलं आणि म्हणाल्या, "दोघं मिळून चार जणांना चोळा. एक बाळ, एक तरुण, एक मध्यमवयीन, एक वृद्ध. आणि प्रत्येकानंतर हात धुवायचे, साबण लावून, त्या नळाखाली." नळ दवाखान्याच्या टाकीचा. टाकी छपरावर. ऑक्टोबरातली डोंगरातली सकाळ. मांडवातून एक उसासा गेला, तो डॉक्टरीणबाईंना कौतुकाचा वाटला. आपल्याकडे इस्त्री करणारी बाईसुद्धा कपडे संपून हात निवेपर्यंत पाण्याला शिवत नाही, आणि इथं चोळणाऱ्याला नळ दाखवत होते. क्रेसेन्सियोनं हात शालीत गुंडाळले आणि म्हणाला, "बाई, बोटं हवी तर कापून न्या. त्या नळाखाली मी ती धरायचो नाही." डॉक्टरीणबाईंनी त्याला जंतूंबद्दल सांगितलं. तो म्हणाला, जंतूंना माझा नमस्कार सांगा. मग बाई माझ्याकडे वळल्या.

ताई, मी शपथेवर सांगतो, एरवी मीही नाहीच म्हटलं असतं. पण तो नाही म्हणून बसला होता. त्याच्यामागोमाग मी नाही म्हणायचं म्हणजे आमचं एकमत झालं असं गावाला दिसलं असतं. म्हणून मी बाह्या सारल्या आणि म्हटलं, "विज्ञानाला कुणीतरी साथ द्यायला हवी." (हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की चर्चमधून फादर बाहेर आले.) तेव्हा चौघांनाही मीच चोळलं आणि दरवेळी मीच हात धुतले, आणि दुसरे बारागान बंधू शाल पांघरून ऊन खात बसले.

बाळ ओतिलियाचं होतं, पाच महिन्यांचं, तीन दिवस पोट धरलेलं. मी पाठ उचलली, आत टक् झालं, बाळानं आपलं म्हणणं मायक्रोफोनच्या अगदी जवळ मोकळं केलं आणि झोपलं. ओतिलिया तीन रात्रींची जागी, ती बसल्या जागी झोपली. तिची सासूही झोपली. डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी हात धुतले. पाणी मनगटापर्यंत चावलं. मग तरुण, म्हणजे आपल्या गावाचा गोलकीपर एफ्राइन. त्याचा मुरगळलेला घोटा असा बसवला की तो टेबलावरून उडी मारून उतरला, लोकांना उड्या मारून दाखवू लागला, आणि खांबाच्या दोरीत दुसरा पाय अडकून पडला. तो आता कुबडी घेऊन फिरतो, पण मी चोळलेला पाय उत्तम आहे. मी हात धुतले. मग मध्यमवयीन म्हणून नगराध्यक्ष रुतिलियो. त्यांचं भाषण प्रात्यक्षिकानंतर होतं, आणि मायक्रोफोन हातात धरूनच ते पालथे झाले. मानेला दोनदा हात लावला तर घोरायला लागले. उठवायचं कुणी? सचिव म्हणाला, माझी नोकरी आहे. त्यांची बायको पुढच्या रांगेतून म्हणाली, "राहू दे रे. निवडणुकीपासून पहिल्यांदा झोपलाय." गावानं तासभर घोरणं ऐकलं. त्यांच्या भाषणांपैकी लोकांनी शेवटपर्यंत बसून ऐकलेलं हे पहिलंच. ते उठल्यावर मी तिसऱ्यांदा हात धुतले, आणि नळ बंद करायला गेलो तर अंगठा वळेना.

उजव्या हाताचा. तळव्याला चिकटून बसला, सरळ होईना, वाकेना. (जानेवारीपासून तो भाकरीचा तुकडाही डाव्या हातानं मोडतो. मी चौकापलीकडून बघत होतो.) जानेवारीत काही नव्हतं. थोडं दुखायचं. गार पाण्यानं झालं. आणि ताई, चोळणाऱ्याचा अंगठा गेला म्हणजे काय हे तुला सांगायला नको. गायकाचा गळा बसला तर तो लोकांना सांगू शकतो. मी कुणाला सांगू? सांगितलं की दुसऱ्या दिवशी बाक रिकामा. एकाहत्तराव्या वर्षी मी दारात खुर्ची टाकून बसायचं आणि लोकांनी माझ्या दारावरून चौकापलीकडे जायचं, हे चित्र मला त्या नळापाशीच दिसलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई मायक्रोफोनवरून म्हणाल्या, "आणि आता वृद्धांसाठी."

वृद्ध म्हणजे दोमितिला आजी. एक्क्याण्णव वर्षांची. बहिरी असल्यामुळे तिची कुजबुज चौकाच्या चारी कोपऱ्यांत ऐकू जाते. आईनं तिला अर्धं आयुष्य चोळलंय, त्यामुळे तिच्या पाठीला सगळं कळतं. मी मूठ वळली आणि मुठीनं दाबायला लागलो. चार वेळा हात फिरला असेल नसेल, आजी म्हणाली, "अंगठा कुठाय रे?" मी न ऐकल्यासारखं केलं. "तेओदुलो, अंगठा कुठं ठेवून आलास? काय मक्याचं पीठ मळतोयस माझ्या पाठीवर?" पुढच्या रांगेतल्या बायका माझ्या हाताकडे बघायला पुढे वाकल्या. डॉक्टरीणबाईसुद्धा वाकल्या. मी आयुष्यात अनेकदा मरायची इच्छा केली आहे (दर रविवारी), पण इतकी मनापासून कधी केली नव्हती.

तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून शाल सरकली. क्रेसेन्सियो उठला, त्यानं मायक्रोफोन घेतला आणि माझ्याकडे न बघता लोकांना म्हणाला, "नव्वदीपुढच्या हाडाला अंगठा लावायचा नसतो. मूठच लावायची. आईनं आम्हांला तसंच शिकवलंय." आजी म्हणाली, "हट्, तुमच्या आईनं मला जन्मभर अंगठ्यानंच चोळलं." तो म्हणाला, "आजी, तेव्हा तुम्ही लहान होता." लोक हसले, आजीही हसली, वाकलेल्या बायका मागे टेकल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून घेतलं: नव्वदीपुढे मूठ. आईनं असं काहीही शिकवलेलं नव्हतं. पण मी उरलेला सगळा वेळ मूठ वळून उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात मुठीबद्दल किंवा अंगठ्याबद्दल काही नव्हतं. तो "आम्हांला" म्हणाला होता. अकरा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून चौकाच्या या बाजूला आलेला नव्हता.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी माझ्या दारात नेहमीचे सात-आठ जण बसले होते. प्रत्येकाला मी मुठीनं आणि कोपरानं वाटेला लावत होतो. ("नवी पद्धत" म्हणून सांगत होता.) पुढचा, असं म्हटलं आणि वर बघितलं तर क्रेसेन्सियो. मांडीवर भोपळा, जसा कुणीही पेशंट फी म्हणून आणतो तसा. रांगेत दीड तास बसला होता म्हणे, आणि लोकांना वाटलं त्याची पाठ धरली. त्यानं भोपळा बाकावर ठेवला, दार लावून घेतलं, आणि काही न बोलता माझा उजवा हात ओढून घेतला. आईचंच मलम होतं, चरबी आणि अर्निकेच्या फुलांचं, तसल्याच बरणीतलं. नखाकडून सुरुवात केली. मी म्हणणार होतो, मनगटाकडून कर. दुखत होतं, म्हणून म्हटलं नाही.

तो माझ्याशी बोलला नाही हे मला इथं स्पष्ट करायला हवं, नाहीतर तू म्हणशील मी नमतं घेतलं. तो भिंतीवरच्या आईच्या फोटोशी बोलला. म्हणाला, "आई, याला सांग, हे गार पाण्यानं झालंय. आठवड्यातून दोनदा चोळावं लागेल, मंगळवारी आणि गुरुवारी. तोवर यानं पेन, चमचा, सुरी काही धरायचं नाही. कांदेलारियापर्यंत बरा होईल." मीही आईलाच म्हटलं, याला सांग, भोपळा नको होता. आई दोघांकडेही बघत नाही, फोटोवाल्यानं तिला खिडकीकडे बघायला लावलंय. (कांदेलारिया म्हणजे खरोखरचा कांदेलारिया. आईच्या नियमातला नव्हे. हे मी मुद्दाम लिहितोय.) त्यानं तारीख दिली म्हणजे त्याला खात्री आहे. मला बरं वाटलं.

आता तुझं पत्र तर टेबलावर महिनाभर पडलं होतं. उत्तर लिहायचं कसं? गावात ज्याला लिहायला बसवावं तो अंगठ्याची बातमी दुपारच्या आत डोंगरापलीकडे नेणार. अंगठ्याबद्दल ज्याला आधीच ठाऊक आहे असा एकच माणूस. म्हणून आजच्या गुरुवारी चोळून झाल्यावर मी आईच्या फोटोला म्हटलं की मला एक पत्र सांगायचंय, कुणाला लिहून घ्यायचं असेल तर त्यानं घ्यावं. त्यानं पेन उचललं. तेव्हा आम्ही अजूनही बोलत नाही, ताई. मी तुझ्याशी बोलतोय आणि तो लिहितोय. दोन तास झाले. मधे एकदा त्याला हसू आलं, घोरण्याच्या जागी, ते त्यानं खोकल्यात घातलं. (धूर होता.)

तुझ्या गुडघ्यांबद्दल एवढंच सांगतो: तेल कोमट करून घे, नोएमीला सांग जांघेकडून खाली उतरायचं. (खालून वर.) आणि बाळाची पाठ रोज उचलायची नाही, पोट धरेल तेव्हाच. मृतांचा दिवस दोन आठवड्यांवर आला. आईसाठी झेंडूची फुलं मी माझ्या दारात मांडतो आणि तो त्याच्या दारात, त्यामुळे ती दरवर्षी कुठं येते हे मला माहीत नाही. यंदा तिचीही तारांबळ नको, तेव्हा काहीतरी एक करावं असं वाटतं. कुणाच्या दारात ते ठरलेलं नाही. तुझे गुडघे बस सोसत असतील तर ये. सोसत नसतील तर येऊ नकोस, उगाच वाटेत काही झालं तर तेही माझ्या डोक्याला.

सगळ्यांना सांभाळून राहा. फार जगायची हौस धरू नकोस, पण मधेच सोडूही नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
तेओदुलो
(सहीच्या जागी फुली आहे. पेन मुठीत धरून त्यानं स्वतः मारली आहे. एक कप कॉफी सांडली.)

ता. क. हे सगळं लिहिलं ते खरं तर एका गोष्टीसाठी. आमच्यापैकी कुणालाही पुढचा कांदेलारिया दिसेल न दिसेल, आणि तू दोघांहून मोठी. त्या दुपारी आईनं कुणाला बोलावलं होतं? नाव तर घेतलं असेल. ते फक्त तू ऐकलंस. अकरा वर्षं मी तुला विचारलं नाही, कारण माझी खात्री होती. आता ती थोडी कमी झाली आहे. एका ओळीत कळव. जे असेल ते. लिहिणाऱ्याचीही याला हरकत नाही असं त्यानं मान हलवून सांगितलं आहे.

ता. क. दुसरी. ताई, हे क्रेसेन्सियो लिहितोय. तो आत दूध तापवतोय, डाव्या हातानं, त्यामुळे मला वेळ आहे. अंगठ्याचा सांधा संपलाय. आत हाडाला हाड घासतं, बोटाला कळतं. नळाचा काही दोष नाही. मी कांदेलारिया सांगितलं ते आईच्याच नियमातलं, वर कंसात लिहिलंय ते त्यानं वाचावं म्हणून लिहिलंय. दुसरं असं, की आईनं नाव घेतलं तेव्हा मी अंगणातून पाणी प्यायला उठून खिडकीखाली आलो होतो. तिनं माझं नाव घेतलं. तुलाही ते माहीत आहे आणि मलाही. तरी तू त्याला लिही की त्याचंच घेतलं. त्याच्याकडे आता दुसरं काही राहिलेलं नाही. दूध उतू गेल्याचा वास येतोय, तो येईल आता.

ता. क. तिसरी. डव्या हतानं लिहितोय, अक्शराला हसू नको. पाकीट त्यानं चिकटवलं होतं, मी वाफेवर उघडलं. वरचं वाचलं. सांध्याचं मला जानेवारीपसून ठाऊक आहे, आठ्ठेचाळीस वर्षं मी हेच सांगतोय लोकांना. आईचं मात्र ठाऊक नव्हतं. आता झालं. तू मला काही लिहू नकोस, आठवत नाही म्हण. त्याचं नाव लिहिलंस तर तो माझी कीव करेल आणि माझं लिहिलंस तर तुला खोटं बोलावं लागेल. आणि मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस, तो तारीख पाळायची म्हणून येतो. फुलं यंदा त्याच्याच दारात मांडायची असं मी ठरवलंय, माझं दार अरुंद आहे असं सांगेन. मंगळवारी तो येतो. अजून नखाकडूनच सुरू करतो. चूक आहे. मी बोलत नाही.